पेठेसाठी छोटा बंब घ्यावा का? जाणकारांची मतं हवी आहेत

पेठकरीण

नमस्कार मंडळी,

आमच्या नगरपरिषदेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत अग्निशमनासाठी नवीन वाहन घेण्याचा विषय आहे. सध्या गावाला एकच बंब आहे, साडेचार हजार लिटरचा, आणि तोही जुना झालाय. प्रशासनाचं म्हणणं, तसाच दुसरा मोठा बंब घ्यावा. आमच्या प्रभागातल्या बऱ्याच जणांना वाटतं की एक छोटी गाडी घ्यावी, ४०७ नाहीतर पिकअपच्या चासीवरची. सभेला नागरिकांच्या वतीने निवेदन द्यायचं आहे आणि ते लिहायचं काम माझ्याकडे आलंय.

पेठ कशी आहे ते सांगते. मुख्य रस्त्यापासून आत गेलं की भांडी आळी, तिला फुटलेले दोन बोळ, आणि टोकाला देवळाचं पटांगण. घरं लाकडी माड्यांची, काही नव्याने बांधलेली चार मजली. खाली कापडाची, प्लास्टिकच्या सामानाची दुकानं, वर राहती कुटुंबं. प्रत्येक दुकानाची पायरी रस्त्यावर आलेली. मागे एका दिवाळीत एका माडीला आग लागली तेव्हा बंब वेळेत आला, पण चौकातच उभा राहिला. तिथून पाइप जोडत जोडत आत न्यावे लागले. तोवर शेजाऱ्यांनी बादल्यांनी पाणी मारलं. माणसं वाचली, घर गेलं.

छोट्या गाडीत पाचशे लिटर पाणी मावतं म्हणतात. एवढ्याशा पाण्याने काय होणार, हा प्रश्न सभेत नक्की येणार आहे. उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून धागा काढला.

नूतन_म

महत्त्वाचा विषय. आमच्याकडेही हीच अवस्था आहे. वाचतेय.

शेताच्या_बांधावर

मी विरोधात लिहितोय, राग नसावा. नगरपरिषदेचा बंब फक्त पेठेचा नसतो. आजूबाजूच्या पंधरा-वीस गावांत गंजी पेटली, उसाला आग लागली, गोठा जळाला की फोन तिथेच जातो. फेब्रुवारी ते मे आमच्याकडे पाण्याचा टिपूस नसतो. कडब्याची गंजी एकदा आतून पेटली की पाचशे लिटर तिच्यावर ओतून नुसता धूर होतो. साडेचार हजार लिटरसुद्धा कमी पडतात, गाडी भरून परत आणावी लागते. असलेल्या पैशांत जास्तीत जास्त पाणी घ्या, हे माझं स्पष्ट मत.

तांडेल_निवृत्त

उभी नोकरी एका महापालिकेच्या अग्निशमन दलात गेली. या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पेठकरीणबाई, पाण्याच्या आकड्याआधी होजचा, म्हणजे बंबाच्या पाइपचा, आकडा समजून घ्या. बंबावरचा नेहमीचा होज ६३ मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याच्या ३० मीटर लांबीत ९३ लिटर पाणी मावतं. म्हणजे चौकापासून दोनशे मीटर आत आग असेल तर सहाशे लिटरहून जास्त पाणी नुसता होज भरायलाच लागतं. आणि भरलेला होज म्हणजे दर ३० मीटरला नव्वद किलोच्या वर वजन. ते वळणावरून, पायऱ्यांवरून, उभ्या मोटारसायकलींमधून ओढत न्यायचं. दिवाळीच्या आगीत तुमचा वेळ तिथे गेला. बंब आला तो वर्दीच्या, म्हणजे आगीची खबर नोंदायच्या, वहीत ‘पोहोचला’ म्हणून नोंदला जातो, पण आगीवर पाणी पडतं ते त्यानंतर कितीतरी मिनिटांनी.

छोटी गाडी हा मधला वेळ कापते. मोठा बंब, म्हणजे वॉटर टेंडर, साधारण १६ टनांचा आणि अडीच मीटर रुंद. आळी तीन मीटरची असली तरी त्याचे आरसे, बाजूची शटरं, चालकाचं दार, कशालाच जागा उरत नाही. शहाणा चालक अशा आळीत गाडी घालतच नाही, कारण पुढे अडकली तर मागून येणाऱ्या सगळ्यांची वाट बंद होते. पिकअप किंवा ४०७ दोन मीटरच्या आत बसते. ती घराच्या दारापाशी जाते, आणि तिच्यावर ६३ चा होज वापरायचाच नसतो. तिच्यावर होजरील असतं, म्हणजे रिळावर गुंडाळलेला बारीक पाइप, साधारण २५ मिलिमीटरचा. साठ मीटर उलगडलं तरी त्यात तीस लिटरच्या आत पाणी मावतं. एक माणूस ते हातात धरून जिना चढू शकतो.

आता पाचशे लिटर. मिनिटाला शंभर लिटर धरले तर पाच मिनिटं. आग एका खोलीत असेल, खोलीबाहेर पडली नसेल, तर नोझलवरच्या माणसाचा हात बसलेला असल्यास पाच मिनिटं पुरेशी असतात. पाणी नुसतं भिजवत नाही, त्याची वाफ होताना ते उष्णता ओढून घेतं, आणि एका लिटरची वाफ सोळाशे पटींहून जास्त जागा व्यापते. बारीक फवाऱ्याने पाणी मारलं तर थोडं पाणी पुष्कळ काम करतं. जास्त दाबाने धुक्यासारखे बारीक थेंब उडवणाऱ्या मिस्ट यंत्रणेत तर मिनिटाला लागणारं पाणी आणखी कमी.

पण आग माडीच्या छपराला भिडली असेल तर पाच मिनिटांनंतर तुमची छोटी गाडी रिकामा डबा आहे. म्हणून ती एकटी पाठवायची नाही. वर्दी आली की दोन्ही गाड्या एकदम निघाल्या पाहिजेत. छोटी आत जाईल, मोठी चौकात थांबेल, आणि मोठीवरून ६३ चा होज छोटीला पाणी पुरवेल. पाच मिनिटांत ती जोडणी झाली तर मोठ्या गाडीचे साडेचार हजार लिटर पेठेच्या आत आले असं समजा.

बांधावरचे दादा म्हणतात ते गंजीपुरतं शंभर टक्के खरं आहे. गंजीला पाणीच लागतं, आणि जेसीबी लागतो.

पेठकरीण

काका, होज भरायलाच सहाशे लिटर लागतात हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. सभेत हेच मांडते.

वास्तुरेषा

तांडेल काकांच्या म्हणण्याला इमारतींच्या बाजूने जोड देते. राष्ट्रीय इमारत संहितेत मोठ्या इमारतींसाठी बंब फिरायला सहा मीटरची मोकळी वाट आणि ४५ टनांच्या गाडीचा भार पेलेल अशी जमीन अपेक्षित आहे. नव्या वसाहतींना हे लावता येतं. गावठाणाला, म्हणजे विकास नियमावली ज्याला दाटवस्ती म्हणते त्याला, हे मागाहून कसं लावणार? रस्ते रुंद करायचे तर निम्मी पेठ पाडावी लागेल. तेव्हा गाडीच रस्त्याच्या मापाची घेणं हा व्यवहार्य मार्ग आहे.

एक धोका मात्र दिसतो. जुन्या माड्यांच्या जागी चार-चार मजले उठतायत. छोट्या गाडीवर लांब शिडी नीट बसत नाही. चौथ्या मजल्यावरच्या माणसाला ती गाडी खाली उतरवू शकणार नाही. त्या इमारतींचा जिना मोकळा असणं, गच्चीचं दार उघडं असणं, खाली मीटरच्या खोलीत भंगार नसणं, याला पर्याय नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ मध्ये ही जबाबदारी मालकावर आणि भोगवटादारावर टाकलेली आहे. निवेदनात याचाही उल्लेख करा.

गिरगावकर

मुंबईतल्या अरुंद गल्ल्यांबद्दल लिहिल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. ९ मे २०१५ ला काळबादेवीत जुन्या हनुमान गल्लीतल्या गोकुळ निवासला आग लागली. इमारत कोसळली आणि सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे, महेंद्र देसाई असे चार अधिकारी आपण गमावले. नेसरीकर तेव्हा दलाचे प्रमुख होते. त्या गल्ल्यांत लाकडी सांगाड्याच्या इमारती, वर राहती घरं, खाली दुकानं, अगदी पेठकरीण यांनी वर्णन केल्यासारखं.

लाकडी इमारत जितका वेळ जळत राहते तितकी तिची तुळई कमजोर होत जाते, आणि आत शिरलेल्या जवानाच्या डोक्यावर ती कधी येईल ते सांगता येत नाही. पहिल्या काही मिनिटांत पाणी पोहोचणं हा रहिवाशांइतकाच जवानांच्या जिवाचा प्रश्न आहे. मुंबईत दाट वस्त्यांजवळ छोटी अग्निशमन केंद्रं उभी केली गेली आणि तिथे शीघ्र प्रतिसाद वाहनं ठेवली गेली, ती याच विचाराने. गाडी छोटी घेऊन ती गावाबाहेरच्या केंद्रातच उभी राहणार असेल तर निम्मा फायदा गेला. पेठेच्या तोंडाशी जागा मागा.

लेखाधिकारी

नगरपरिषदांच्या हिशेबात काम केलेलं आहे, त्या अंगाने लिहितो.

अग्निशमन सेवा ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत आहे, म्हणजे ते नगरपालिकांचं काम मानलेलं आहे. ज्या परिषदेचं उत्पन्न पगारातच संपतं तिला कोटीच्या घरातल्या गाड्या स्वतःच्या बळावर घेणं जड जातं. केंद्राने जुलै २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटींची योजना जाहीर केली. बहुतेक राज्यांनी आपला २५ टक्के वाटा घालायचा आहे. तुमच्या परिषदेने राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाकडे मागणी नोंदवली आहे का, ते सभेत विचारा. इतिवृत्तात प्रश्न नोंदला गेला तरी पुष्कळ.

जुन्या बंबाकडेही लक्ष द्या. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांपेक्षा जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही, आणि यात नगरपालिकांची वाहनंही येतात. तुमचा एकमेव बंब त्या वयाला आला असेल तर ‘मोठा की छोटा’ हा वाद घालता घालता हातात काहीच उरणार नाही. आधी त्याचं नोंदणी प्रमाणपत्र पाहा.

छोट्या गाडीच्या बाजूचा एक मुद्दा कुणी मांडला नाही, तो चालकाचा. मोठ्या बंबाला जड वाहनाचा परवाना लागतो. छोट्या परिषदेत असे चालक एक-दोनच असतात, एक रजेवर, दुसरा कचरागाडीवर. ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाची गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं आहे. म्हणजे गाडी त्या मर्यादेत घेतली तर केंद्रावरचा बहुतेक कोणताही जवान, सराव दिल्यावर, ती काढू शकतो. रात्री दोन वाजता याची किंमत कळते.

आणि पदं! गाडी मंजूर होते, पदं मंजूर होत नाहीत. तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्ट्या, रजा धरल्या तर एका गाडीला चोवीस तास माणसं पुरवायला किती जण लागतात त्याचा हिशेब निवेदनात हवाच. नाहीतर दोन गाड्या आणि चार माणसं अशी स्थिती होते.

शेताच्या_बांधावर

लेखाधिकारी साहेब, तुमच्या शेवटच्या परिच्छेदानेच माझी भीती खरी केली. आज छोटी गाडी घेतली की कागदावर ‘गावात दोन अग्निशमन वाहनं’ असं दिसणार. मग जुना बंब निकाली निघाला की म्हणतील, एक आहे ना. आणि आमच्या गंजीला येणार ती पाचशे लिटरची गाडी. खेड्यातल्या माणसाला यातून काय मिळणार हे कुणीतरी सांगा.

तांडेल_निवृत्त

दादा, रास्त प्रश्न आहे.

खेड्यात पाणी असतं, पण ते बंबात नसतं. प्रत्येक गावात ट्रॅक्टरचे टँकर आहेत, पाच-पाच हजार लिटरचे. नसतो तो पंप आणि शिकलेला माणूस. छोट्या गाडीवर एक उचलता येणारा पंप ठेवला तर ती शेतरस्त्याने बांधापर्यंत येते आणि तुमच्याच टँकरचं पाणी दाबाने मारते. पावसाळ्यानंतर ओल्या शेतात १६ टनांचा बंब रुततो, ही नाही रुतत.

मात्र विहिरीच्या भरवशावर राहू नका. वर ठेवलेला पंप पाणी शोषतो म्हणजे प्रत्यक्षात बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. त्यामुळे पंप कितीही ताकदीचा असो, सात-आठ मीटरपेक्षा खोलवरचं पाणी तो उचलू शकत नाही. तुमच्या विहिरी उन्हाळ्यात त्याच्या खाली जातात. तिथे शेतकऱ्याची पाण्यातली मोटार सुरू करून टँकर भरणं हाच मार्ग, आणि त्यासाठी रात्री तीन फेज वीज असायला हवी. महावितरणच्या स्थानिक कार्यालयाचा नंबर केंद्रातल्या फोनशेजारी लावलेला असावा.

तुमची भीती मात्र मी नाकारत नाही. छोटी गाडी मोठीच्या बदल्यात घेणार असतील तर मीही विरोध करीन.

तोक्योवासी

जपानमध्ये बरीच वर्षं राहतोय. इथल्या जुन्या वस्त्यांमध्ये गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की छोटे बंब ही रोजची गोष्ट आहे. ‘केई’ वर्गातल्या गाड्या म्हणजे ६६० सीसी इंजिन, लांबी जास्तीत जास्त ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर. या वर्गाच्या चासीवर पंप बसवलेले बंब मिळतात. त्यांचा भर टाकीतल्या पाण्यावर नसतोच मुळी, हायड्रंट (आगीसाठी रस्त्याकडेला असलेला पाण्याचा नळ) किंवा जमिनीखालच्या टाकीजवळ जाऊन पाणी घ्यायचं. वस्तीत अशा टाक्या आहेत आणि रस्त्यावर त्यांच्या खुणा आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे माणसं. इथे पगारी दलाखेरीज वस्ती-वस्तीचं नागरिकांचं अग्निशमन पथक असतं, देशभरात साडेसात लाखांच्या आसपास सदस्य. दुकानदार, शेतकरी, कारकून. त्यांच्याकडे छोटी गाडी, उचलता येणारा पंप आणि नियमित सराव असतो.

तरी मर्यादा सांगतो. १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपात पाइप फुटून हायड्रंट कोरडे पडले, रस्ते ढिगाऱ्यांनी अडले, आणि आगी पसरत गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये इतोइगावा या छोट्या शहरात एका उपाहारगृहातून सुरू झालेली आग जोराच्या वाऱ्याने १४७ इमारतींपर्यंत गेली. तिथे बाहेरून मोठ्या संख्येने कुमक आल्यावरच आग आटोक्यात आली. वारा असेल तर शेजारच्या शहरांचे बंब किती मिनिटांत येतील, हा प्रश्न छोट्या गाडीपेक्षा मोठा आहे.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितेय. आमच्याकडे अग्निशमन हे राज्याच्या संचालनालयाकडे आहे, पालिकांकडे नाही, त्यामुळे शेजारच्या केंद्राची मदत मागताना पालिकांच्या हद्दीचा प्रश्न येत नाही. पण रस्त्यांचं दुखणं तेच. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफड्याच्या नाइट क्लबला आग लागली आणि २५ जण गेले. वाट इतकी अरुंद की बंब लांबच उभे करावे लागले. त्या रात्रीची बातमी वाचून मी अजून अस्वस्थ आहे. छोटी गाडी असती तर सगळे वाचले असते असं मी म्हणणार नाही, आत अडकलेल्यांना बाहेर पडायला दारं हवी होती. पण जिथे बंब पोहोचूच शकत नाही अशा जागेला शेकडो माणसं जमवायचा परवाना मिळू नये, हे तरी आपण मागू शकतो ना?

नूतन_म

घरातल्या आगी आता पूर्वीपेक्षा वेगाने का वाढतात याबद्दल मी वाचलं होतं. अमेरिकेतल्या यूएल या संस्थेने दोन खोल्या पेटवून पाहिल्या. एकीत जुन्या पद्धतीचं लाकूड-कापसाचं सामान, दुसरीत फोम आणि कृत्रिम कापडाचे सोफे. नवीन सामानाची खोली चार मिनिटांच्या आत एकदम भडकली, जुनीला जवळपास अर्धा तास लागला. आपल्या माड्यांमध्ये आज फोमच्या गाद्या आणि प्लास्टिकच्या खुर्च्या आहेतच, शिवाय सांगाडा लाकडाचा. म्हणजे दोन्हींतलं वाईट ते आपल्याकडे.

आणखी एक. गाडी छोटी असो वा मोठी, आळीच्या तोंडाशी दुचाकी आडव्या लावलेल्या असतील तर दोन्ही बाहेरच. दोन्ही बाजूंना पिवळे पट्टे मारून घ्या आणि ते पाळायची जबाबदारी व्यापारी मंडळावर टाका.

चंद्रभागेतीरी

पंढरपूरचा अनुभव. आषाढीला मंदिराभोवतीच्या रस्त्यांवर माणसांना चालायला जागा नसते, तिथे बंब बाहेरून आत येणं शक्यच नाही. अशा गर्दीत गाडी आधीच आत नेऊन उभी करावी लागते, आणि आधी उभी करायला छोटीच सोयीची. तुमच्या देवळाची जत्रा असेल तर पटांगणात तिची जागा ठरवून ठेवा, दुकानांना ओटे वाटण्याच्या आधी.

पेठकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांनी सांगितलेली छोट्या गाडीची रुंदी धरून आम्ही दोन मीटरचा बांबू आडवा धरून पेठेतल्या सगळ्या आळ्या फिरलो. भांडी आळीत बांबू सगळीकडून जातो, फक्त एका रोहित्राच्या कुंपणापाशी अडतो. डाव्या बोळात तो जातच नाही, तिथे माणूस आणि होजरीलच जाणार. त्या बोळातल्या घरांना निदान अग्निशामक सिलिंडर तरी असावेत म्हणून वर्गणी काढतोय.

निवेदनात मागणी अशी लिहिली आहे: जुन्या बंबाच्या जागी मोठा बंब हवाच, आणि त्याखेरीज ७,५०० किलोच्या आतली एक छोटी गाडी, तिच्यावर होजरील, उचलता येणारा पंप आणि धुरात शिरण्यासाठी श्वसनयंत्रांचे दोन संच. ती पेठेच्या तोंडाशी, जुन्या जकात नाक्याच्या खोलीत राहावी. पदांचा हिशेब लेखाधिकारींनी सांगितल्याप्रमाणे जोडलाय. बांधावरच्या दादांसाठी एक कलम वेगळं आहे: दर गावातल्या चार तरुणांना पंप चालवण्याचं प्रशिक्षण. अजून काही राहिलंय का?

शेताच्या_बांधावर

मोठा बंब ‘हवाच’ असं लिहिलंत, आता माझी हरकत नाही. आमच्या गावातून सह्या मी आणतो.

तांडेल_निवृत्त

दोन गोष्टी घाला. खरेदीआधी पुरवठादाराने गाडी टाकी पूर्ण भरून, चार माणसं बसवून, बाजाराच्या दिवशी भांडी आळीतून फिरवून दाखवावी. रिकामी गाडी सकाळी सहाला कुठेही जाते. आणि छोट्या गाडीला पाणी आत घ्यायला ६३ मिलिमीटरचं कपलिंग, म्हणजे होज जोडायचं तोंड, असावं, मोठ्या बंबाच्या होजला थेट बसणारं. ते नसेल तर चौकातलं पाणी तिच्यापर्यंत येणारच नाही. निविदेच्या तपशिलात ही ओळ स्वतः वाचून पाहा.